काकूंची फुप्फुसं

सर हे मुळात सर नव्हतेच, ते आधी सांगून टाकलेलं बरं. कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं मदतनीस होते. बरण्या पुसायच्या, कात्र्यांना धार लावून आणायची, आणि आठवड्यातून दोनदा बादली घेऊन कत्तलखान्यात जायचं. प्राध्यापक सांगतील ते आणायचं, आज डोळे, उद्या मूत्रपिंडं. आणून टेबलावर मांडायचं आणि मागे भिंतीला टेकून उभं राहायचं. चिमटा हातात घेऊन मुलांसमोर बोलायचं काम प्राध्यापकांचं. निवृत्तीनंतर नव्या गल्लीत राहायला आल्यावर कुणीतरी विचारलं, "कुठे होता आपण?" हे म्हणाले, "कॉलेजात." झालं, लोक सर म्हणायला लागले आणि यांनी कुणाचं तोंड धरलं नाही. खरं काय ते फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं, आणि तिने ते आजवर कुणाजवळ काढलं नव्हतं. बायकोला गल्ली काकू म्हणायची.

तिथल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी हौशी मंडळी जमत. एक शिंपी, एक निवृत्त वायरमन, दातांची डॉक्टरीण, दोन-तीन गृहिणी, आणि हे सगळं ज्यांच्या डोक्यातून निघालं त्या ग्रंथपालबाई. कुणाला परीक्षा द्यायची नव्हती की पदवी घ्यायची नव्हती. शाळेत फळ्यावर बघितलेलं एकदा हाताने करून बघायचं, एवढीच हौस. सर येईपर्यंत तिथे भिंगं, लोहचुंबकं आणि लिंबातली वीज चालायची. सर आले आणि टेबलावर खरं हृदय, खरा डोळा यायला लागला. खुर्च्या कमी पडू लागल्या. सरांनी शिंप्याकडून पांढरा कोट शिवून घेतला, कापायची नवी पेटी घेतली. पहिल्या रविवारी चिमट्याने पडदा उचलून ते म्हणाले, "आता इथे बघा," आणि सात-आठ माथी एकदम पुढे झुकली. त्या दिवशी सर घरी आले ते दोन बोटं उंच होऊन.

पण हे हृदय नि डोळे आणायचे कुणी? सरांनी निवृत्तीच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं, आयुष्यात पुन्हा बादली उचलायची नाही. मग ती काकूंच्या हाती आली. सर चिठ्ठी लिहून द्यायचे, 'हृदय एक, अखंड, महाधमनीसह.' कोपऱ्यावरचा खाटीक ती चिठ्ठी मान डोलवत वाचायचा, आणि मग हृदयाला नेहमीची उभी चीर मारून, आतलं रक्त धुऊन, वरच्या नळ्या बुडापासून छाटून, लख्ख करून पिशवीत घालायचा. गिऱ्हाइकाला माल साफ द्यायचा ही त्याची वडिलांपासूनची शिस्त. फुप्फुसांचं तर विचारूच नका. श्वासनळीत आकडा खुपसून तो ती टांगून ठेवायचा, म्हणजे फुगवायची म्हटली तर हवा आकड्याच्या भोकातून बाहेर. सर पिशवी उघडायचे नि कपाळाला हात लावायचे.

"अगं, हे शिजवायचंय का आपल्याला? चिठ्ठीत स्पष्ट लिहिलंय मी!"

"तुम्ही लिहिलंय स्पष्ट," काकू म्हणायच्या, "त्याला कळायला नको का?"

तीन वेळा असं झाल्यावर चौथ्यांदा काकूंनी चिठ्ठी घरीच ठेवली. दुपारी, दुकानात चिटपाखरू नसताना गेल्या आणि स्वतःच्या गळ्याला बोट लावून खाटकाला म्हणाल्या, "दादा, इथून कापा. खालचं एकमेकांपासून वेगळं करू नका. आणि आकड्याला लावू नका."

"आकड्याला नाही लावलं तर ठेवू कुठे?"

"यात ठेवा." काकूंनी पिशवीतून घरचं पातेलं काढलं.

खाटकाला गंमत वाटली. "काकू, करणार काय याचं?"

"बघणार."

"नुसतं बघणार?"

"तुम्ही इतकी वर्षं रोज कापताय. कधी बघितलंय नीट?"

खाटकाने हातातला सुरा खाली ठेवला. नव्हतं बघितलं खरं. त्या दिवसापासून काकूंचं पातेलं दुकानात मागच्या फळीवर कायमचं राहिलं, आणि त्यात जे यायचं ते अखंड यायचं. हृदय आलं तर नळ्या चार बोटं लांब, वर पातळ पिशवीसारखं आवरणसुद्धा शाबूत. डोळे आले तर मागच्या शिरेसकट. एकतीस वर्षं कत्तलखान्याच्या पायऱ्या झिजवून सरांना जे कधी मिळालं नव्हतं, ते काकूंनी पंधरा दिवसांत मिळवलं. सर खूश झाले. निदान दोन महिने तरी खूश होते.

बिघडलं ते नळाखाली. काकू एक हृदय धूत होत्या. वरच्या जाड नळीत पाण्याची धार पडत होती आणि नळी काठोकाठ भरून राहिली होती. पाणी आत उतरेना.

"अहो, जरा या. पाणी खाली जात नाही बघा."

सर आले, बघितलं. नळीत पाणी तुडुंब उभं होतं आणि तळाशी तीन पाकळ्या एकमेकींना चिकटून दार बंद करून बसल्या होत्या. झडपा. सरांनी त्या पुस्तकात पाहिल्या होत्या, बरणीत पाहिल्या होत्या, प्राध्यापकांच्या चिमट्याच्या टोकावर पाहिल्या होत्या. पण त्या मिटलेल्या, पाणी अडवून धरलेल्या, कामावर असलेल्या त्यांनी जन्मात पाहिल्या नव्हत्या. कारण कॉलेजात त्यांच्या समोर आलेलं प्रत्येक हृदय आधीच चिरलेलं असायचं, आणि इथे आलेलं ते स्वतःच आधी चिरायचे. त्यांच्या अंगावर काटा आला. आणि त्या काट्याच्या पाठोपाठ लगेच दुसरं काहीतरी आलं, जे त्यांना आवडलं नाही.

"अर्थातच," ते कोरडेपणाने म्हणाले. "झडपा असतात तिथे. माहीत आहे ते."

"सुंदर आहे ना पण?" काकू म्हणाल्या.

"सुंदर-बिंदर काही नसतं शास्त्रात."

रविवारी सरांनी हृदय टेबलावर ठेवलं, कप्पे सांगितले, भिंतींची जाडी सांगितली. शेवटी शिंप्याने विचारलं, "पण सर, रक्त उलटं का येत नाही?" सर उत्तराला सुरुवात करणार, तेवढ्यात काकू मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या, "थांबा, दाखवते," आणि तांब्या घेऊन पुढे आल्या. नळीत पाणी ओतलं. "बघा, अडलं की नाही? आता बाजूने वाकून बघा, तीन पाकळ्या दिसतील." मंडळी आळीपाळीने वाकली. वायरमन म्हणाला, "आयला, हा तर आमचा एकदिशा व्हॉल्व्ह!" ग्रंथपालबाईंनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या, दोनदा. मग त्यांना कोटाच्या खिशात काहीतरी शोधायचं आठवलं आणि ते बराच वेळ शोधत राहिले.

तेव्हापासून सरांच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना. घरच्या फोनवर खाटकाचा आवाज यायचा, "काकू आहेत का? त्यांना सांगा, आज डोळ्यांची जोडी आलीय, एकदम काचेसारखी." एकदा सर म्हणाले, "मला सांगा, मीच ते कापणार आहे." पलीकडून आवाज आला, "नको, काकूंनाच द्या." रस्त्यात डॉक्टरीण भेटली की सरांना नमस्कार करायची आणि काकूंशी बोलत उभी राहायची. शिंपी तर घरी यायला लागला. त्याने काकूंना जुन्या कापडाची एक पिशवी शिवून दिली, पातेलं बसेल अशी, दोन पट्ट्यांची. सरांच्या कोटाचं एक बटण महिनाभर लोंबकळत होतं, ते त्याला दिसलं नाही.

आणि काकू? त्यांना यातलं काही कळत नव्हतं, हेच सरांना सगळ्यांत जास्त लागत होतं. मिरवली असती, तर बोलता आलं असतं. पण ती मिरवतच नव्हती. भांडी घासता घासता म्हणायची, "अहो, मेंढीच्या उजव्या फुप्फुसाला त्या कानाच्या पाळीसारख्या पाळ्या जास्त आहेत नि डावीकडे कमी. का हो असं?" सरांना उत्तर येत नसायचं. ते म्हणायचे, "सांगेन कधीतरी सविस्तर," आणि दुपारी गुपचूप पुस्तक उघडून बसायचे. बायको भांडी घासताना प्रश्न विचारणार आणि नवऱ्याने त्याचा अभ्यास करायचा, अशी परिस्थिती आली होती.

मग मंडळाचा वार्षिक खुला प्रयोग जवळ आला. वर्षातून एकदा वाचनालयाच्या मोठ्या दालनात, कुणीही यावं, बघावं. गेल्या वर्षी तिथे पाण्याच्या दाबाचा काहीतरी खेळ झाला होता, पण यंदा अवयव असणार हे ठरलेलं होतं, आणि सर वर्षभर त्याच एका दिवसाकडे डोळे लावून होते. मोठं दालन, मोठं टेबल, चाळीस-पन्नास माणसं आणि टेबलापाशी ते. भाषण तयार होतं. आरशासमोर झालं होतं. ‘मित्रहो, आपण दिवसातून वीस हजार वेळा श्वास घेतो आणि एकदाही त्याच्याकडे बघत नाही.’

बैठकीत ग्रंथपालबाई म्हणाल्या, "फुप्फुसं फुगवून दाखवायची हे ठरलं. मला वाटतं, यंदा टेबलापाशी काकूंनी उभं राहावं. फार सोपं करून सांगतात. सर, तुम्ही सुरुवातीला दोन शब्द बोला ना."

सगळे हो हो म्हणाले. काकू म्हणाल्या, "अहो, मी काय, बघू." सर हसले. हसताना गाल दुखतात हे त्यांना त्या दिवशी कळलं. काम आठवल्याचं सांगून ते एकटेच घरी निघून आले, आणि तिथून त्यांनी बायकोशी बोलणं टाकलं. अगदीच टाकलं असंही नाही. "मीठ," म्हणायचे. "किल्ली," म्हणायचे. काकू खोलीत आल्या की हे पेपर घेऊन बाहेर. काकू दोनदा म्हणाल्या, "अहो, मला तुम्हाला एक सांगायचंय." सर म्हणाले, "नंतर."

दुसऱ्या दिवशी सर स्वतः खाटकाकडे गेले. चारचौघांत पायाखालची जमीन सरकल्यावर माणूस काहीतरी धरायला बघतो, तसे गेले. त्यांच्या मनात होतं, बैलाचं मोठं हृदय मिळवायचं, एवढं मोठं की फुप्फुसांकडे कुणी ढुंकून बघणार नाही. दोन शब्द बोलायला सांगितलेत ना? बोलू, आणि बोलता बोलता टेबलावर हे ठेवू.

खाटीक फळ्या धूत होता. त्याने मान वर केली. "या. तुम्ही काकूंचे मिस्टर ना?"

"मी मंडळाचा..." सर म्हणाले. "अवयवांचं सगळं मीच बघतो. मला एक बैलाचं हृदय पाहिजे. अखंड. महाधमनीसह."

"बैलाचं माझ्याकडे नसतं. आणि अखंडचं म्हणाल तर काकूंना विचारून देतो. त्या सांगतात कुठून कापायचं."

"मी सांगतो ना कुठून कापायचं."

"सांगा," खाटीक म्हणाला, आणि सुरा उचलून वाट बघत उभा राहिला.

सरांनी तोंड उघडलं. महाधमनी कुठे असते हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पण उलट्या टांगलेल्या, सोललेल्या मेंढीकडे बघून ‘इथून’ म्हणून बोट दाखवायचं, ते बोट काही उचलेना. कत्तलखान्यात ते बादली पुढे करत आणि तिथला माणूस टाकेल ते घेऊन येत. कधी त्याला काही सांगितलं नव्हतं. सांगता येतं, हेच डोक्यात आलं नव्हतं.

"राहू द्या," ते म्हणाले.

"काकूंच्या प्रयोगाला मी पण येणार आहे बरं का," खाटीक मागून म्हणाला. "त्यांनी बोलावलंय मला. पुढच्या रांगेत बसा म्हणाल्या."

घरी जाताना सरांच्या अंगाचा तिळपापड होत होता. राग खाटकाचा नव्हता, ग्रंथपालबाईंचाही नव्हता. खरं सांगायचं तर राग नव्हताच, निव्वळ हेवा होता, आणि तोही सख्ख्या बायकोचा. शेजाऱ्याचा हेवा वाटला तर माणूस बायकोला सांगून मोकळा होतो. हे सांगायचं कुणाला?

फुप्फुसं शनिवारी सकाळी आली. पातेल्यात, ओल्या फडक्याखाली, श्वासनळी घशाच्या टोकापर्यंत लांब ठेवलेली. काकूंनी ती एकदा हलकेच फुंकून बघितली, दोन्ही बाजू भरल्या, आणि पातेलं झाकून फ्रिजमध्ये ठेवलं. दुपारी तीनला त्या शेजारच्या जिन्यावरून वर, गच्चीवर कपडे आणायला गेल्या.

सरांनी फ्रिज उघडला. नुसतं बघायचं म्हणून उघडला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. फडकं उचललं. इतकी सुंदर जोडी त्यांनी कधी पाहिली नव्हती. कुठे ओरखडा नाही, कुठे चिरा नाही, गुलाबी, ओली, ताजी. या जोडीला हात लावून ती उद्या बोलणार. ‘आता इथे बघा,’ ती म्हणणार, आणि पन्नास माथी पुढे झुकणार. आणि आपण खुर्चीवर. पेटी समोरच्या फळीवरच होती. त्यांनी जाड सुई काढली आणि डाव्या फुप्फुसाच्या मागच्या अंगाला, जिथे चटकन दिसणार नाही तिथे, टोचली. आत घालून गोल फिरवली. मग बाजूला आणखी एकदा, आणि आणखी एकदा. त्यांना एकदम निवांत वाटलं. फडकं होतं तसं घातलं, सुई पुसून पेटीत ठेवली. काकू कपड्यांचा ढीग घेऊन खाली आल्या तेव्हा सर पेपर वाचत होते.

रविवारी दोघं वाचनालयात पोचले. काकूंच्या हातात शिंप्याची पिशवी, पिशवीत पातेलं. सर चार पावलं पुढे चालत होते. दारातच ग्रंथपालबाई भेटल्या.

"या सर, टेबल तुमची वाट बघतंय. कोट आणलात ना?"

"माझी? टेबलापाशी तर ही..."

"छे हो! बैठक झाली त्याच संध्याकाळी काकूंनी फोन केला मला. म्हणाल्या, सरच करतील, वर्षभर तयारी चाललीय त्यांची, मी पंप मारीन. तुम्हाला बोलल्या नाहीत?"

सरांनी वळून बघितलं. काकू पायऱ्या चढून वर येत होत्या.

"सांगितलं नाहीस मला?"

"कधी सांगणार? सहा दिवस मीठ आणि किल्ली सोडून तुम्ही बोलताय काय माझ्याशी?" काकू म्हणाल्या. "दोनदा आले होते सांगायला. नंतर म्हणालात. म्हटलं, असेल भाषणाचं टेन्शन."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "आज नको," ते म्हणाले. "माझा घसा बसलाय."

"कुठे बसलाय? चांगला तर आहे. आणि बसला तरी हळू बोला, लोक जवळच बसलेत." असं म्हणून त्यांनी पिशवीतून कोट काढून सरांच्या हातात दिला. बटण लावलेलं होतं.

दालन भरलं होतं. पुढच्या रांगेत खाटीक इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघ्यावर हात ठेवून, वर्गात बसावं तसा बसला होता. सर टेबलापाशी गेले. आता सांगायला हवं होतं, निदान माल खराब आहे एवढं तरी. पण समोर पन्नास चेहरे त्यांच्याकडे, फक्त त्यांच्याकडे बघत होते, आणि तोंडातून आपोआप निघालं, "मित्रहो, आपण दिवसातून वीस हजार वेळा श्वास घेतो..." लोक हसायचे तिथे हसले, गप्प व्हायचे तिथे गप्प झाले. पाच मिनिटं सर खरोखर सर होते. सुईची गोष्ट ते साफ विसरून गेले, एवढं चांगलं चाललं होतं. "आता इथे बघा," ते म्हणाले आणि त्यांनी काकूंना खूण केली.

काकूंनी श्वासनळीत रबरी नळी घालून दोऱ्याने बांधली होती. त्या सायकलचा पंप मारायला लागल्या. उजवं फुप्फुस हलकेच उठलं, रंग गडदाचा फिका होत होत गुलाबी-पांढरा झाला, आणि दालनातून "अरे वा!" असा आवाज आला. डावं पडूनच राहिलं. काकूंनी जोर लावला. डाव्या बाजूने फुसफुस ऐकू यायला लागली. त्यांचा चेहरा लाल झाला, पण पंप त्यांनी थांबवला नाही.

"हवा जातेय कुठूनतरी," वायरमन म्हणाला.

"काढताना सुरा लागला असेल," डॉक्टरीण म्हणाली. तिने वाईट मनाने नाही म्हटलं. पण सगळ्यांच्या माना खाटकाकडे वळल्या.

खाटीक उभा राहिला. "मी स्वतः काढलीत," तो म्हणाला. "दुकान बंद ठेवून काढलीत. दोनदा बघितलं होतं..." मग त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "असेल. माझाच हात लागला असेल." आणि तो खाली बसला.

सर भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते.

काकूंनी पंप ठेवला. तांब्यातलं पाणी डाव्या फुप्फुसावर ओतलं, ते उलटं केलं आणि बोटाने दाबलं. मागच्या अंगाला तीन ठिकाणी बुडबुडे आले. एका ओळीत, बोटाच्या अंतराने, तिन्ही गोल. सुऱ्याने गोल भोक पडत नाही, चीर पडते. वर्षभरात काकूंनी इतकं काही बघितलं होतं, की हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी मान वर करून सरांकडे एकदा पाहिलं. मग तीन भोकांवर तीन बोटं ठेवली.

"दादा, इकडे या. पंप तुम्ही मारा."

"मी?"

"या ना."

खाटीक आला. पंप मारायला लागला, आधी जपून, मग जोमाने. दोन्ही फुप्फुसं एकदम उठली, काकूंच्या हाताखाली रुंद होत गेली, पातेल्याच्या काठाबाहेर आली. लोक उभे राहिले. टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या त्या दालनात कधी पडल्या नसतील, आणि त्या सरांकडे बघून पडत होत्या, कारण कोट त्यांच्या अंगात होता.

टाळ्या थांबल्यावर खाटीक दम खात म्हणाला, "काकू, पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाकडून घ्या. माझ्या हाताचा आता भरवसा नाही."

"तुमचा हात लागलेला नाही," काकू म्हणाल्या.

"मग भोकं आली कुठून?"

काकूंनी खोटं सांगितलं नाही आणि खरंही सांगितलं नाही. बोटं तशीच धरून त्या फुप्फुसांकडे बघत राहिल्या. सरांना कळलं, आता फक्त गप्प राहायचं आहे. लोक चहाला उठले की विसरून जातील. खाटीक तेवढा विसरणार नाही. तो उद्या सकाळी सुरा उचलेल आणि आपल्या हाताकडे बघेल.

"मी टोचली," सर म्हणाले.

शिंपी हसला. त्याला वाटलं, हा भाषणातलाच विनोद.

"काल दुपारी. जाड सुईने. तीनदा."

"पण का?" खाटकाने विचारलं. रागाने नाही, त्याला खरंच समजलं नव्हतं. ज्याच्यासाठी चांगली काढायची, त्यानेच भोकं पाडायची, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

सरांनी काकूंकडे बघितलं नाही. "मला वाटलं, आज इथे ही उभी राहणार आहे."

काकूंनी बोटं काढली, फुप्फुसं हळूहळू बसली, आणि त्यांनी त्यांच्यावर फडकं घातलं.

"मी उभी राहिले असते, तर काय झालं असतं?" त्यांनी विचारलं. आवाज घरचाच होता, पाळ्यांचा प्रश्न विचारतानाचा.

याचं उत्तर सरांना येत होतं. "सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं असतं."

"बघितलं असतं," काकू म्हणाल्या. "आणि मी सारखं तुमच्याकडे बघितलं असतं, की बरोबर सांगतेय ना मी."